बाजार कुणाच्या जिवावर?

(तालुका मेळाव्यात संघटनेच्या वतीने केलेलं भाषण. भट्टीवर गेल्यामुळे जे साथी येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी इथे देत आहोत. पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)



आज आपण जव्हारच्या बाजाराबद्दल बोलणार आहोत. काही जण म्हणतील, मेळावा प्लॉटच्या जमिनीचा, मग बाजाराचं इथे काय काम? काम आहे.

बाजारात गेल्यावर दुकानदार काय बोलतात ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. धंदा बसला. गिऱ्हाईक नाही. घरपट्टी वाढते, पाणीपट्टी वाढते. आणि मग शेवटी येतं ते वाक्य: "कर आम्ही भरतो, सरकार खर्च करतं आदिवासींवर. हे जंगल खातात आणि फुकट जगतात." आपण खाली मान घालून मीठमिरची घेतो आणि परत येतो. आज त्याचा हिशोब करू.

जव्हार हे दहा-बारा हजार वस्तीचं शहर. संस्थानाच्या काळात, 1918 साली इथे नगरपालिका झाली. 1948 साली संस्थान विलीन झालं, नगरपालिका राहिली. रेल्वे नाही, मोठा कारखाना नाही. मग एवढं शहर जगतं कशावर? सरकारी कचेऱ्यांतल्या पगारावर आणि भोवतीच्या पाड्यांवर. तालुक्यात दहा माणसांतली नऊ आदिवासी. छत्री, चप्पल, साबण, कौलं, लग्नाचं लुगडं, होळीचा बाजार, हे सगळं घेणारे आपण.

आता कर. शहराची मोठी कमाई होती जकात. माल नाक्यातून आत आला की दुकानदार जकात भरायचा. पण ती भरायचा कुणाच्या पैशातून? मालाच्या किमतीत ती चढायचीच. आपण साबणाची वडी घेतली की जकात आपण भरली. विक्रीकर होता तेव्हा त्याचंही तेच. पावती दुकानदाराच्या नावाची, पैसा आपल्या कनवटीचा. वरून बाजाराची पट्टी वेगळी. बाई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन दोन डोंगर उतरून येते, जमिनीवर बसते, की लगेच पट्टीवाला उभा. भाजी विकली जावो न जावो, पैसे आधी. म्हणजे आपण कर भरतो. फक्त आपल्या नावाची पावती नसते.

1999 साली सरकारने नगरपालिकांची जकात उठवली. त्या बदल्यात मुंबईहून अनुदान येतं. म्हणजे आता शहराची थैलीही मुंबईच्या खुंटीला टांगलेली आहे, आपल्यासारखीच. अनुदान पुरलं नाही तर नगरपालिकेच्या हातात उरतं काय? घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारपट्टी. धंदा बसलेला असताना तीच वाढवायची, म्हणजे आटलेल्या गाईची धार काढायची.

मग धंदा बसला का? तो आपण बसवला का? होय साथींनो, एका अर्थाने आपणच. कारण सहा महिने आपण इथे नसतो.

भात झोडून झालं, नागली-वरी कणगीत पडली, की पाड्यावर मुकादम येतो. उचल देतो. घरातली धडधाकट माणसं भिवंडीला, वसईला, वाड्याला जातात, कुणी वीटभट्टीवर, कुणी रेतीवर. पाड्यावर राहतात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. आता साधा हिशोब धरा. एका पाड्यात चाळीस घरं. एक घर आठवड्याला पन्नास रुपयांचा बाजार करतं. झाले दोन हजार. सहा महिन्यांचे सव्वीस आठवडे, झाले बावन्न हजार. असे दहा पाडे रिकामे झाले तर पाच लाख वीस हजार रुपये इथल्या बाजारात आलेच नाहीत. ते भट्टीजवळच्या दुकानात गेले. आणि तालुक्यात पाडे दहा नाहीत, कितीतरी आहेत.

आपण जातो कशाला? हौस म्हणून नाही. प्लॉट कसतो, पण सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून सोसायटी कर्ज देत नाही, विहीर मंजूर होत नाही, बांध घालायला गेलं की गार्ड येतो. एका पावसाच्या पिकावर बारा महिने निघत नाहीत. 31 मार्च 1978 च्या आधीपासून कसलेली वनजमीन नावावर करायचे सरकारी ठराव 1978-79 सालचे आहेत. 1995 साली सुप्रीम कोर्टाने दाव्यांची नीट चौकशी करायला सांगितलं. तरी आज इथे बसलेल्यांपैकी कितीजणांच्या हातात कागद आहे? हात वर करा. (थोडे हात वर झाले.) बघा.

म्हणून आम्ही म्हणतो, प्लॉटचा कागद हा फक्त आपल्या पोटाचा प्रश्न नाही. तो त्या दुकानदाराच्याही पोटाचा आहे. जमीन नावावर झाली, बांध पडला, विहीर झाली, तर माणूस उन्हाळ्यातही पाड्यावर राहील आणि बाजारही इथलाच करील.

दुसरी गोष्ट रोजगार हमीची. हा पैसा कुठून यायचा? 1975 साली सरकारने व्यवसाय कर लावला. शहरातल्या पगारदारांच्या, धंदेवाल्यांच्या खिशातून तो कापला जायचा, आणि सरकार तेवढीच भर घालायचं. त्यातून हमीची मजुरी निघायची. कायदा 1979 पासून लागू आहे: काम मागितलं की पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. ही मजुरी आपण काही बँकेत पुरून ठेवत नाही. हातात पडली की पुढच्या बाजारात संपते. म्हणजे शहराचा कर पाड्यावर यायचा आणि पाड्यावरून शहरात परत जायचा. काम वेळेवर निघालं नाही, मजुरी दोन महिने थकली, की चाक थांबतं. आपण उपाशी, आणि दुकानदार माशा मारत.

आता आपल्यातलेच काही म्हणतील, "बसू दे ना बाजार! याच बाजाराने आपल्या बापजाद्यांना लुटलं. उभ्या पिकावर पालेमोड केली, मणाचे दोन मण घेतले, अंगठे उठवून जमिनी खाल्ल्या." खरं आहे. ते आम्ही विसरलो नाही, विसरायचंही नाही. पालेमोडीविरुद्ध, एकाधिकार खरेदीसाठी 1976 साली कायदा करावा लागला, तो उगाच नाही. तो सावकाराचा बाजार आपल्याला परत नकोच. पण शहर म्हणजे फक्त सावकार नाही. दवाखाना तिथे, पोरांची शाळा-कॉलेज तिथे, एस.टी. तिथे. चहाची टपरी, सायकलचं दुकान चालवणारा आपल्यासारखाच गरीब. शहर ओस पडलं तर अडलेल्या बाळंतिणीला घेऊन आपण पार नाशिक गाठायचं का?

तेव्हा आपली मागणी शहर बुडावं अशी नाही. आपली मागणी आहे हिशोबाची.

आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. 1996 साली केंद्राने या भागासाठी पेसा कायदा केला. पंचायतीने पैसा खर्च केला की तो नीट खर्च झाल्याचा दाखला ग्रामसभेकडून घ्यायचा, असं त्यात लिहिलंय. गावबाजाराचा कारभारही ग्रामसभा आणि पंचायतीकडे द्यायचा आहे. पण नगरपालिका चालते 1965 च्या वेगळ्या कायद्याने. तिथे पेसा नाही, आणि आपलं मतही नाही. पट्टी मात्र आपण भरतो. मत नाही म्हणून तोंडही नाही, असं आम्ही मानत नाही.

म्हणून चार गोष्टी ठरवून उठू.

एक, बाजारात पट्टी दिली की पावती घ्यायची. पावती नाही तर पैसे नाहीत. बायांनी एकटीने भांडू नये, पाच-सहाजणींनी मिळून मागावी.

दोन, त्या पावत्या जमवून नगरपालिकेकडे जायचं. आमच्याकडून एवढी पट्टी घेता, तर बसायला सावली, प्यायला पाणी आणि बायांसाठी आडोसा कुठे आहे, ते विचारायचं.

तीन, आपल्या गावात आधी आरसा बघायचा. ग्रामसभेने पंचायतीचा खर्च वाचून घेतल्याशिवाय दाखल्यावर सही-अंगठा करायचा नाही. सरपंच आपला नातेवाईक असला तरी नाही. आपलं घर झाडल्याशिवाय दुसऱ्याच्या अंगणातला केर दाखवता येत नाही.

चार, दुकानदारांशी बोलायचं. भांडायला नाही, हिशोब दाखवायला. प्लॉटचे दावे निकाली काढा, हमीचं काम पावसाळा संपताच काढा, या अर्जावर त्यांच्या सह्या मागायच्या. देतील ते आपले सोबती. नाही देणार त्यांना सांगायचं, पुढच्या उन्हाळ्यात गल्ला रिकामा राहिला तर आमच्या नावाने बोटं मोडू नका.

आणि पुन्हा कुणी म्हणालं, "तुम्ही फुकट जगता," तर मान खाली घालायची नाही. सरळ विचारायचं: शेट, आम्ही सहा महिने नव्हतो, तेव्हा तुमचा बाजार कसा होता?

जिंदाबाद!