किल्ली इतक्यात देऊ नका



ओळख करून देताना अध्यक्षांनी माझ्या समाजसेवेचं कौतुक केलं. खरं सांगू? माझं बरंचसं आयुष्य लोकांचं टपाल वाचण्यात गेलं. लंडनच्या एका कौन्सिलच्या हाउसिंग विभागात माझ्यासमोर येऊन बसायची ती पुलाखाली झोपणारी माणसं नव्हेत. केअर होममध्ये रात्रपाळी करणारी आई, शाळेच्या गणवेशातली दोन मुलं आणि घरमालकाची नोटीस. नोकरी शाबूत, भाडं थकलेलं नाही. मालकाला फ्लॅट विकायचाय, एवढंच.

बिनकारणाची ती कलम 21 ची नोटीस 2025 च्या कायद्याने रद्द ठरवली. पण विक्रीचं कारण सांगून, चार महिन्यांची मुदत देऊन घर मागता येतंच.

आपल्यासारखी सरळ माणसं इथेच फसतात. तारीख आली की सामान बांधायचं, ओटा पुसायचा आणि किल्ली मालकाच्या हातात ठेवायची. कोर्टाची पायरी नको, चारचौघांत शोभा नको! पण नोटिशीची तारीख उलटली म्हणून घरावरचा हक्क संपत नाही. तो संपायला कोर्टाचा आदेश लागतो, आणि तरीही नाही निघालात तर बेलिफ. आधीच निघालात, तर ‘हे बेघरपण तुम्हीच ओढवून घेतलंत’ असा ठपका कौन्सिल ठेवू शकते. तो ठपका टिकला की पक्क्या घराची जबाबदारी तिच्यावर राहत नाही. म्हणून माझं पहिलं वाक्य ठरलेलं असे, ‘किल्ली इतक्यात देऊ नका.’

बेघर कुटुंबांना घर देण्याची जबाबदारी कौन्सिलवर आली ती 1977 च्या कायद्याने. एप्रिल 2018 पासून तर बेघर होण्याच्या 56 दिवस आधीच मदत सुरू व्हावी, असा नियम आहे. लोक येतात मात्र बेलिफची तारीख पडल्यावर. मग उरते हॉटेलातली एक खोली. मुलांच्या कुटुंबाला सामायिक स्वयंपाकघर-न्हाणीघर असलेल्या अशा जागी सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नये, हा नियम कागदावर आहे. किटलीतल्या पाण्यावर नूडल्स, पलंगावर बसून गृहपाठ आणि शाळा दोन बस बदलून. इंग्लंडमध्ये आज सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवाऱ्यात आहेत. 1980 पासून कौन्सिलची सुमारे 20 लाख घरं भाडेकरूंना विकली गेली आणि त्यांच्या जागी तेवढी बांधली गेली नाहीत. मग दुसरं काय होणार?

नकाराचं पत्र आलं की मी आधी त्यावरची तारीख बघते. फेरविचार मागायला 21 दिवस असतात, आणि त्यातले निम्मे रडण्यात जातात. व्हिसावर आलेल्या आपल्या मुलामुलींना यातलं बहुतेक काही मिळत नाही, कारण सरकारी मदत घेण्यास मनाई. पण घरात लहान मूल असेल, तर 1989 च्या बालकायद्याच्या कलम 17 खाली समाजसेवा विभागाचं दार ठोठावता येतं. नवरा घराबाहेर काढेल या भीतीने गप्प बसलेल्या बायकांना हे कुणी सांगत नाही.

आता थोडं कडू बोलते. या सभागृहात भाड्याने फ्लॅट दिलेले बरेच जण आहेत. खुर्च्या सरकवू नका, मी नावं घेत नाही. विकायचं ठरलं, की एजंटला कळवण्याआधी भाडेकरूला फोन करा. एका मालकाने मुलीची जीसीएसई संपेपर्यंत विक्री थांबवली. तेवढ्या अवधीत तिच्या आईला त्याच बसमार्गावर दुसरं घर मिळालं आणि आमच्या कार्यालयात त्यांची फाइल उघडावीच लागली नाही.