गौण विषय जीवशास्त्राचा : पेण-रोह्याच्या शेतकरी पालकांसाठी

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे अनेक घरांत एकच विचार होतो : मुलाने रसायनशास्त्र घ्यावे, म्हणजे धाटावच्या कारखान्यात नोकरी लागेल. विचार योग्यच आहे. पण घरची शेतीही उद्या त्याच मुलाला किंवा मुलीला पाहायची आहे. म्हणून रसायनशास्त्राला जीवशास्त्राची जोड कशी देता येते, ते पाहू.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला एक मुख्य व एक गौण विषय असतो. कॉलेजात त्यांना मेजर आणि मायनर म्हणतात. शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या निर्णयाप्रमाणे तीन वर्षांची पदवी 120 ते 132 श्रेयांकांची असून त्यांतील 18 ते 20 श्रेयांक गौण विषयाचे आहेत. ते पहिल्या तीन वर्षांतच पूर्ण करायचे असतात. एक श्रेयांक म्हणजे वर्गातील 15 तास किंवा प्रयोगशाळेतील 30 तास. पदवीला बहुधा 'जीवशास्त्र' या नावाऐवजी वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र असे विषय असतात.

याचा शेतीला उपयोग काय? भातावरचा करपा बुरशीमुळे येतो, कडा करपा जीवाणूमुळे. करप्यासाठी आणलेले नेहमीचे बुरशीनाशक कडा करप्यावर मारले तर पैसे वाया जातात. खाऱ्या जमिनीत पाणी असूनही रोप का सुकते, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल-1, 2 व 3 या भातजाती तिथे का तग धरतात, भातानंतरच्या वालाच्या मुळांवरील गाठी नत्र कसा साठवतात, ही सारी वनस्पतिशास्त्राचीच प्रकरणे आहेत.

अशी जोड आपल्या भागाला नवी नाही. ज्यांचे बालपण रोह्यात गेले, ते चिंतामणराव देशमुख केंब्रिजला रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्रासोबत वनस्पतिशास्त्र शिकले. 1917 साली त्यांना वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळाले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले.

प्रवेशापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. अकरावीला जीवशास्त्र सोडण्यापूर्वी विचार करावा. पाया नसेल तर पदवीला विषय जड जातो.

2. मुख्य विषयाबरोबर कोणते गौण विषय मिळतात, हे प्रत्येक कॉलेजात वेगळे असते. चालू वर्षाचे माहितीपत्रक वाचावे व प्रयोगशाळा स्वतः पाहावी.

3. प्रात्यक्षिकांची हजेरी चुकवू नये. लावणी व कापणीच्या दिवसांत मुलांना घरी ठेवण्याची आपली सवय येथे महागात पडते.

4. गौण विषय म्हणजे कृषी पदवी नव्हे. तिच्यासाठी बारावी विज्ञान व राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा हा वेगळा मार्ग आहे. पुढे कीटकनाशक विक्रीचे दुकान काढायचे असेल, तर परवान्याला कोणती पदवी चालते हे कृषी खात्याकडे आधीच विचारावे. केवळ गौण विषयावर विसंबू नये.

मंडळी, नोकरीसाठी मुख्य विषय निवडताना आपण दहा जणांना विचारतो. गौण विषयाचा रकाना मात्र अर्ज भरणारा माणूस भरून टाकतो. यंदा तो रकाना मुलांशी बोलून, आपली जमीन डोळ्यांसमोर ठेवून भरावा, एवढीच विनंती.