शपथेवर सोडलेले मत



मत बदलणे निराळे आणि मत शपथेवर सोडणे निराळे. मराठीत 'शब्द फिरवला' म्हटले की फिरवणाराच दोषी ठरतो. त्याला तो फिरवायला लावणारा कोठेच दिसत नाही. इंग्रजीतील 'अ‍ॅब्ज्यूर' या क्रियापदात मात्र तो दडलेला आहे. लॅटिनमध्ये 'अब्' म्हणजे दूर आणि 'युरारे' म्हणजे शपथ घेणे. शपथपूर्वक दूर सारणे, हा मूळ अर्थ. शपथ आली की ती घ्यायला लावणारा आला, आणि मोडल्यास दंड करणाराही आला.

२२ जून १६३३ रोजी रोममधील मिनर्व्हा मठात ६९ वर्षांच्या गॅलिलिओला गुडघे टेकवून ही शपथ घ्यावी लागली. पृथ्वी फिरते हे मत सोडण्याची ताकीद त्याला १६१६ मध्येच मिळाली होती. १६३२ मध्ये त्याचा 'संवाद' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि नुसती ताकीद धर्मपीठाला अपुरी वाटू लागली. आपण ते मत त्यागतो, धिक्कारतो, पुन्हा बोलणार वा लिहिणार नाही, हे त्याच्याकडून वदवून घेतले गेले. शिवाय कोणी पाखंडी आढळल्यास धर्मन्यायालयाला कळवीन, असेही एक कलम होते. ते सहसा कोणी सांगत नाही. मत सोडून भागत नव्हते. खबऱ्याही व्हायचे होते! फ्लॉरेन्समध्ये गणिताच्या व तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना बोलावून हा मजकूर वाचून दाखवण्यात आला. तो कोणासाठी होता, हे त्यावरून कळते.

'युरारे'पासूनच 'पर्ज्युरी' हा शब्द आला. अर्थ, खोटी शपथ. गॅलिलिओचे मन पालटले नसेल, तर धर्मरक्षणासाठी बसलेल्या न्यायासनानेच त्याला बायबलवर हात ठेवून खोटी शपथ घ्यायला लावली. त्यांच्याच धर्मात ते पाप होते.

'तरीही ती फिरतेच' असे तो उठताना पुटपुटला, ही कथा व्यासपीठावर टाळ्या मिळवते. समकालीन पुरावा तिला नाही. आदल्याच दिवशी यातनांची धमकी देऊन त्याची जबानी घेतली होती. ते विसरून त्याच्या मुखी वीरवाक्य घालणे हा त्याच्या भीतीवर अन्याय आहे.

पुढे आर्चेत्री येथे तो मृत्यूपर्यंत, म्हणजे १६४२ पर्यंत, नजरकैदेत राहिला. तेथेच पदार्थांचे बल आणि गती यांवरचा त्याचा ग्रंथ पुरा झाला व १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला. त्यात पृथ्वीच्या भ्रमणाची बाजू मांडलेली नाही.