आधी पूर्वपक्ष मांडा



गेल्या वर्षी आपल्या ख्रिस्ती समाजाच्या मेळाव्यातून वादविवाद स्पर्धा वगळली. कारण सांगितलं, वेळ नाही. सत्कारांना मात्र अडीच तास मिळाले. हे दुखणं मी वर्षभर उरात बाळगलंय. आज बोलायची पाळी माझी आहे. पोरांना वाद घालायला न शिकवणाऱ्या समाजाला उद्या कुणीही दावणीला बांधेल.

‘प्रश्नांनी श्रद्धा डळमळते’ हे खरं कारण बंद खोलीत बोलणाऱ्यांना सांगतो: बारा वर्षांच्या पोराच्या प्रश्नानं जी डळमळते, ती आधी डागडुजीला काढा. पोराचं तोंड बांधू नका.

नीळकंठशास्त्री गोरे आठवा. काशीत वाढलेले, न्यायशास्त्रात मुरलेले. मिशनऱ्यांचं खंडन करायला त्यांनी आधी संस्कृतात ग्रंथ लिहिला. मग एकेक मुद्दा तपासत १८४८ साली बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि ज्या धर्मभगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच त्रैक्यावरून पत्रांतून वाद घातला. श्रद्धा आटली का त्यांची? मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल त्यांनीच केलं!

संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकातले. ‘देव आहे का?’ या प्रश्नाची सुरुवातसुद्धा ते ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या बाजूनं करतात. आधी आक्षेप, मग आपलं मत, मग एकेका आक्षेपाला उत्तर. आपले शास्त्री यालाच पूर्वपक्ष म्हणत. आणि आपण? २०१२ साली इर्ल्याला क्रूसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकलं, लोकांनी चमत्कार मानला. एका बुद्धिवाद्यानं भिंतीतून चढणारं सांडपाणी दाखवलं, तर आपल्यातले काहीजण पोलिसांत गेले. लूर्ड्सच्या तीर्थक्षेत्री बरं झाल्याचं हजारोंनी सांगितलं, पण डॉक्टरांच्या तपासणीनंतर चर्चनं चमत्कार मानले ते शंभरसुद्धा नाहीत. तपासणं हा चर्चचाच रिवाज आहे.

माझे आजोबा याच बंदरातले तांडेल. एका अष्टमीला मी विचारलं, आज डोल जाळं का लावत नाही? ‘भांगाची भरती आहे’ एवढं सांगून मला गप्प करता आलं असतं. त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. “ढिली लागते ना? पाण्याला ओढ नाही. मग डोलीचं तोंड उघडेल कसं? आता तूच सांग, अमावास्येला काय होईल?” मी म्हणालो, ओढ वाढेल. त्यांनी पाठीवर थाप मारली. पुढच्याच रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी विचारलं, ईयोबानं देवाला जाब विचारला, मग आम्ही का नाही विचारायचा? मला तासभर बाकावर उभं केलं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या तांडेलानं मला तर्क शिकवला, आणि शिकलेल्यांनी शिक्षा दिली. ते मी विसरलेलो नाही.

संत थोमानं जखमा पाहायला मागितल्या. प्रभूनं त्याला हाकललं नाही, हात पुढे केले. मग आपण कोण पोरांना बाकावर उभं करणारे?

म्हणून हा ठराव मांडतो: पुढच्या वर्षी या मंडपातला पहिला तास वादविवादाचा, सत्कार उरलेल्या वेळात. धर्मशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात महिन्यातून एकदा पोरांनी विरोधी बाजू मांडायची. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी बंद खोलीत कुजबुजू नये. इथं वर यावं, आधी माझं म्हणणं मला पटेल असं मांडून दाखवावं, आणि मग खुशाल खोडून काढावं. मी ऐकायला बसलो आहे.