काशीच्या वहीतील खूण

महाराष्ट्रातील यात्रेकरू काशीस गेला, की तीर्थोपाध्याय प्रथम त्याचे मूळ गाव व आडनाव विचारतात. तेवढ्यावरून नेमकी वही निघते. मग तीतील पूर्वजांच्या नावांवरून घराणे निश्चित होते. पायथॉन या संगणकभाषेत हेच घडते. आपण रचलेल्या वस्तूच्या गुणांवरून ‘हॅश’ नावाचा अंक काढला, की तिचा कप्पा कळतो. पुढची ओळख समानतेच्या कसोटीने पटते. भिन्न वस्तूंचा अंक क्वचित एक आला तरी चालते. समान वस्तूंचा मात्र एकच हवा. म्हणून तो न पालटणाऱ्या गुणांवरूनच काढावा. बिऱ्हाडाच्या पत्त्यावरून वह्या लावल्या असत्या, तर बिऱ्हाड हलताच आजोबांची सही वहीत असूनही नातवाला सापडली नसती.