सॉफ्टवेअर-रेडिओचे हार्डवेअर



सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या वर्गांच्या पाट्यांनी दिलसुखनगरचा रस्ता भरलेला आहे. म्हणूनच आजचा विषय मी मुद्दाम त्या पाट्यांच्या वरचा, गच्चीवरील मोबाइल मनोऱ्याचा निवडला.

‘सॉफ्टवेअर-रेडिओ’ हा शब्द जोसेफ मिटोला या अमेरिकी अभियंत्याने 1990च्या दशकारंभी रूढ केला. जुन्या जीएसएम बेस स्टेशनमध्ये 200 किलोहर्ट्झच्या प्रत्येक वाहक लहरीसाठी स्वतंत्र रेडिओसंच लागे. आता 20 मेगाहर्ट्झचा किंवा त्याहून रुंद पट्टा एकदमच अंकांत बदलतात आणि त्यातून संभाषणे वेगळी काढण्याचे काम सॉफ्टवेअर करते. पिढी बदलली की केवळ सॉफ्टवेअर बदलावे, असे स्वप्न त्यातून दाखवले गेले. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे.

लहर अँटेनातून प्रथम फिल्टरमध्ये येते. हा धातूच्या पोकळ्यांचा डबा. कोणत्या पट्ट्याला वाट द्यायची, हे त्या पोकळ्यांच्या मापाने ठरते. कोणतीही आज्ञावली ते माप बदलू शकत नाही. पुढे क्षीण लहरीला बळ देणारा ॲम्प्लिफायर, आणि मग या साखळीतील सर्वांत नाजूक कडी, लहरीचे अंक करणारा परिवर्तक. मनोऱ्याजवळच्या फोनची लहर आणि दूरच्या तळघरातील फोनची लहर त्याच्यावर एकाच वेळी येऊन आदळतात. प्रत्येक बिटामागे सुमारे 6 डेसिबल या हिशेबाने 14 बिटांचा परिवर्तक आदर्श स्थितीत सुमारे 86 डेसिबल, म्हणजे शक्तीतील जवळजवळ 40 कोटी पटींचा फरक सांभाळतो. प्रत्यक्षात घड्याळ-स्पंदांची किंचित थरथरही त्यातला वाटा खाते. एकदा बलवान लहरीने परिवर्तक तुडुंब भरला की त्या क्षणी क्षीण लहर हरवली. मागाहून कितीही हुशार गणित केले तरी ती परत येत नाही.

त्यानंतरची एफपीजीए चिप मात्र खरोखर लवचीक असते, कारण तिची अंतर्गत जोडणीच पुन्हा मांडता येते. अशी पहिली व्यापारी चिप झायलिंक्सने 1985 मध्ये आणली. ती कंपनी 2022 मध्ये एएमडीत विलीन झाली आणि एएमडीचे केंद्र आपल्या याच हैदराबादेत आहे. वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलांनी तिकडेही पाहावे.

27 सप्टेंबर 2025 रोजी बीएसएनएलच्या स्वदेशी 4जी जाळ्याचे लोकार्पण झाले. त्याचा गाभा सी-डॉटचा, रेडिओ तेजस नेटवर्क्सचे, जुळणी टीसीएसची. हे जाळे सॉफ्टवेअरद्वारे 5जीपर्यंत नेता येईल, असे तेव्हा सांगण्यात आले. 700 आणि 2100 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांपुरते ते मानता येईल. 3300च्या पट्ट्यासाठी मात्र मनोऱ्यावर नवा रेडिओ चढवावाच लागेल.