शालियापिन : स्वर आणि स्वदेश



आपण मराठी माणसे संगीत नाटकावर पोसलेली. पद रंगले की ‘वन्स मोअर’ देतो, आणि नाटक तेवढा वेळ खोळंबते. फ्योदोर शालियापिन या रशियन गायकाला हे मानवले नसते. गळा भूमिकेसाठी आहे, भूमिका गळ्यासाठी नव्हे, हा त्याचा आग्रह होता.

१८७३ साली कझान येथे त्याचा जन्म झाला. वडील कचेरीत कारकून, म्हणजे आमच्याच जातकुळीतले! दारिद्र्यामुळे मुलाला जोडे शिवणाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करावी लागली. पुढे तिफ्लिस येथे उसातोव नावाच्या गायनगुरूंनी त्याला विनामूल्य शिकविले.

मुसोर्गस्कीच्या ‘बोरिस गोदुनोव’ या ऑपेरातील झारची भूमिका त्याने १८९८ साली मॉस्कोत प्रथम केली. तीसाठी तो इतिहासकार क्ल्युचेव्हस्की यांच्याकडे जाऊन त्या काळाची माहिती विचारीत असे. बालहत्येच्या संशयाने आणि भासांनी पछाडलेला झार उभा करताना त्याचा खर्जातला भरदार आवाज मध्येच गाणे सोडून बोलण्याकडे, कण्हण्याकडे वळे. १९०८ साली पॅरिसने या भूमिकेत त्याला पाहिले आणि त्याची कीर्ती युरोपभर झाली.

क्रांतीनंतर, १९१८ साली, नव्या सरकारने त्याला ‘जनतेचा कलावंत’ ही पदवी दिली. १९२२ साली तो परदेशी दौऱ्यावर गेला, तो परतला नाही. पॅरिसमधील निर्वासित रशियनांच्या गरीब मुलांसाठी त्याने काही रक्कम दिली. हे शत्रूंना केलेले साहाय्य ठरवून १९२७ साली त्याची पदवी काढून घेण्यात आली. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये त्याने गायिलेला बोरिसचा मृत्युप्रसंग ध्वनिमुद्रित झाला. आपल्या घराघरांत होत्या त्या कुत्र्याच्या छापाच्याच तबकडीवर तो निघाला. एका स्नेह्याकडे मी तो ऐकला. भाषेचे एक अक्षर कळत नसताना मी जागचा हललो नाही.

१९३८ साली तो पॅरिसमध्ये वारला. सरकारी चाकरीत आयुष्य गेलेल्या मला पुढच्या तारखा विसरता येत नाहीत. १९८४ साली त्याचे अवशेष मॉस्कोच्या नोव्होदेविची दफनभूमीत आणले गेले. १९२७ चा हुकूम मात्र तसाच होता. तो रद्द झाला १९९१ साली, चौसष्ट वर्षांनी.